मृग लागला, मग मृग दिसत का नाही?

शंकासुर | ८ जून, रात्री ९:४०

सध्या मुक्काम आजोळी, गुहागरच्या अलीकडच्या एका वाडीत. आज मृग लागला. सकाळपासून आभाळ भरून आलंय, उकाड्याने जीव चाललाय, पाऊस मात्र नुसता वाकुल्या दाखवतोय.

माझी पुतणी सातवीत आहे. तिने भिंतीवरच्या कॅलेंडरात 'सूर्याचा मृग नक्षत्रात प्रवेश' असं वाचलं आणि विचारलं, "काका, म्हणजे आज रात्री मृग दिसणार ना?" मी छाती फुगवून हो म्हटलं. तीन तारे एका ओळीत, खाली व्याध, सगळं तिला कागदावर काढूनही दिलं. दिवेलागणीपासून दीड तास आम्ही खळ्यात माना वर करून उभे. ढगांना अधूनमधून फट पडत होती, पण मृगाचा पत्ता नाही. शेवटी आई ओटीवरून म्हणाली, "पावसात कधी कुणाला मृग दिसलाय? तो थंडीत बघायचा."

पुतणीने माझ्याकडे जे पाहिलंय ना!

तर जाणकारांनो, जो दिसतच नाही तो 'लागतो' कसा? आणि दर वर्षी ७-८ जूनलाच कसा? (वाहन कोल्हा की बेडूक, हा वाद इथे नको. त्याला वेगळा धागा आहे.)

पंचांगवाली | ८ जून, रात्री १०:१५

आई बरोबर, तुम्ही चूक. :)

'मृग लागला' म्हणजे सूर्य मृगात गेला. पावसाची सगळी नक्षत्रं सूर्याची असतात. ज्या नक्षत्रात सूर्य बसलाय ते दिवसा सूर्याबरोबर उगवतं आणि त्याच्याबरोबरच मावळतं, मग रात्री दिसणार कसं? मृग लागला याचा खरा अर्थ 'मृग झाकला गेला'.

देवळासमोरची दीपमाळ डोळ्यांसमोर आणा. त्रिपुरीची रात्र, दीपमाळ पेटलेली, आणि तुम्ही तिच्याभोवती फिरताय. दीपमाळेकडे पाहिलं की मागचा पिंपळ झगमगाटात दिसत नाही. चार पावलं पुढे गेलात की पिंपळ बाजूला होतो आणि दीपमाळेमागे विहीर येते, मग विहीर गडप. तुमच्या पाठीमागे जे असेल ते मात्र वळून पाहिलंत तर स्वच्छ दिसतं. दीपमाळ म्हणजे सूर्य, फिरणारे आपण आणि अंगणाच्या कडेची झाडं-विहीर ही नक्षत्रं. जूनमध्ये दीपमाळेमागे मृग येतो. डिसेंबरात आपण पलीकडच्या बाजूला पोचलेलो असतो, तेव्हा तो आपल्या पाठीशी म्हणजे रात्रीच्या बाजूला असतो आणि रात्रभर दिसतो.

एका फेरीत २७ नक्षत्रं, म्हणून एकेक नक्षत्र १३-१४ दिवस. रोहिणी २५ मेच्या सुमारास, मृग ७-८ जून, आर्द्रा २१-२२ जून. तारखा जवळपास ठरलेल्या, कारण फेरी वर्षाचीच आहे.

महिन्यांची नावं मात्र चंद्रावरून. ज्या महिन्यात पौर्णिमेचा चंद्र मृगशीर्षापाशी असतो तो मार्गशीर्ष. पौर्णिमेचा चंद्र सूर्याच्या समोर असतो, म्हणून मार्गशीर्षात मृग रात्रभर आणि ज्येष्ठात गायब. शेतकऱ्याचा मृग आणि मार्गशीर्षाचा मृग एकच, फक्त दीपमाळेच्या दोन बाजूंनी पाहिलेला.

घाटावरचा | ८ जून, रात्री १०:४१

उपमा झकास. पण प्रदक्षिणा घड्याळाच्या काट्याप्रमाणे घालतात आणि पृथ्वी, उत्तरेकडून पाहिलं तर, काट्याच्या उलट फिरते. तिला पाप लागणार.

पंचांगवाली | ८ जून, रात्री १०:४४

दक्षिणेकडून पाहा, सुटेल बिचारी.

शंकासुर | ९ जून, सकाळी ७:०५

समजलं! पहाटे पाऊसही आला. पुतणीला अंगणातल्या तुळशीभोवती फिरवून दाखवलं, तर तिने पुढचा प्रश्न काढला: "मग मृग झाकायच्या आधी कुठे होता?" आता मीच सांगून टाकतो, गेल्या महिन्यात पाहिलाय मी. मेच्या सुरुवातीला सूर्य मावळला की पश्चिमेला, समुद्रावरच तिरका लोंबत होता. नऊच्या आसपास पाण्यात गेला. मेअखेरीस संधिप्रकाशातच बुडाला. रोज थोडा थोडा खाली जात होता आणि मला वाटायचं हवा धुरकट झालीय.

तांडेल_मालवण | ९ जून, सकाळी ९:३०

रोज चार मिनिटा लवकर. तारे सगळे रोज चार मिनिटा आदी येतत नि आदी जातत. आमच्या आज्याक घड्याळ नाय होता, पण कृत्तिका माथ्यार कधी इली त्येच्यावरून रात किती उरली ता सांगी.

चंद्राचा मात्र उलटा. तो रोज पाऊण तास उशिरा. आज्याचा गणित: तिथीची पाऊण करूची, जा येयत तो भरतीचो टायम. अष्टमीक आठाची पाऊण सहा, म्हंजे सकाळी सहा नि सांजचे सहा. एकादशीक सव्वाआठ. पंचमीक पावणेचार. पुनवेक नि आमशेक सव्वाअकरा. पंदरवडो बदललो की परत पाडव्यापासून मोजूचा. अर्धो तास हय-थय होता, पण होडी काडूक तेवढा पुरे.

आता माका सांगा, तारे लवकर नि चंद्र उशिरा, ह्या कित्याक? आबाळ एकच मां?

पंचांगवाली | ९ जून, दुपारी २:१०

तांडेलदादा, हा प्रश्न धाग्याच्या शीर्षकात हवा होता.

आपलं घड्याळ सूर्यावर लावलेलं आहे. सूर्य माथ्यावरून निघून पुन्हा माथ्यावर येईपर्यंत सरासरी २४ तास. पण पृथ्वीची स्वतःभोवतीची एक गिरकी खरं तर २३ तास ५६ मिनिटं ४ सेकंदांत पुरी होते. तेवढ्या वेळात ती सूर्याभोवतीच्या वाटेवरही जवळपास एक अंश पुढे सरकते, म्हणून सूर्य पुन्हा समोर यायला आणखी जराशी वळते. ते जरासं म्हणजे ही चार मिनिटं. ताऱ्यांना याचं सोयरसुतक नाही. ते इतके लांब आहेत की आपण कुठे सरकलो हे त्यांच्या गावीही नसतं. म्हणून ते सूर्याच्या घड्याळाने रोज चार मिनिटं लवकर हजर.

परत दीपमाळ. तोंड सतत दीपमाळेकडे ठेवून एक फेरी मारा. दीपमाळेच्या हिशेबाने तुम्ही स्वतःभोवती वळलाच नाहीत. पण अंगणाच्या कडेला बसलेल्या माणसाने तुमची पाठ, बाजू, तोंड सगळं पाहिलं, म्हणजे त्याच्या हिशेबाने तुमची एक गिरकी झाली. तसंच वर्षात दिवस ३६५ आणि गिरक्या ३६६. ती जादा गिरकी ३६५ दिवसांवर वाटली की रोजची पावणेचार-चार मिनिटं येतात.

हे काही आजचं शहाणपण नाही. आर्यभटाने इ.स. ४९९ मध्ये ४३,२०,००० वर्षांच्या महायुगात पृथ्वीच्या १,५८,२२,३७,५०० गिरक्या आणि १,५७,७९,१७,५०० दिवस धरले होते. वजाबाकी करा, बरोबर ४३,२०,००० उरतात. वर्षाला एक.

आता चंद्र. तो पृथ्वीभोवती त्याच दिशेने चालतो ज्या दिशेने पृथ्वी गिरकी घेते, आणि दिवसाला साधारण १३ अंश पुढे जातो. आपण गिरकी पूर्ण करून पाहावं तर हा पुढे गेलेला. त्याला गाठायला सरासरी ५० मिनिटं जादा लागतात. भरती चंद्राच्या मागे, म्हणून तीही तेवढीच उशिरा. तुमच्या आज्यांची पाऊण म्हणजे ४५ मिनिटं. पेन-कागद नाही, तिथी तोंडावर, आणि चूक दिवसाला चार-पाच मिनिटांची. मला तरी त्यात सुधारणा सुचत नाही.

घाटावरचा | ९ जून, दुपारी ३:२५

त्यातच जोडतो: अमावास्या-पौर्णिमेला सूर्य आणि चंद्र एका रेषेत, दोघांची ओढ एकत्र, म्हणून उधाण, म्हणजे मोठी भरती. अष्टमीला एक इकडे तर दुसरा काटकोनात, म्हणून भांग, म्हणजे कमी भरती. सासुरवाडी हर्णैला असल्याने एवढं ज्ञान पदरात पडलंय. भांगेला मासे कमी मिळतात असं सासरेबुवा म्हणतात, पण आम्ही पोचतो त्या दिवशी त्यांच्याकडे कायमच भांग असते.

मोकलाया | ९ जून, संध्याकाळी ६:५०

सगळं ठीक. पण एक बाळबोध शंका. पृथ्वी एवढी गरागरा फिरते तर आपल्याला कळत कसं नाही? हलके घ्या, पण मला हे कधीच पटलं नाही.

रत्नांग्रीकर | ९ जून, रात्री ८:१२

बाळबोध नाही, जुनी शंका आहे. रत्नागिरीच्या अक्षांशावर गिरकीचा वेग ताशी १,६०० किलोमीटरच्या आसपास भरतो. सूर्याभोवतीचा तर सेकंदाला ३० किलोमीटर. पण वेग कळत नाही, वेगातला बदल कळतो. दाभोळ-धोपावे फेरीबोटीत गाडीतच बसून राहा आणि काचेतून फक्त शेजारच्या गाडीकडे पाहा. बोट निघाली कधी ते समजणार नाही, आणि नजर धक्क्यावर गेली की धक्काच मागे सरकताना दिसेल. आर्यभटानेही नावेचाच दाखला दिलाय: पुढे जाणाऱ्या नावेतल्याला काठावरच्या स्थिर गोष्टी मागे जाताना दिसतात, तसे स्थिर तारे आपल्याला पश्चिमेकडे जाताना दिसतात. त्यांच्या नंतरच्या बऱ्याच पंडितांना हे पटलं नव्हतं, त्यामुळे तुम्ही एकटे नाही.

तरी प्रत्यक्ष बघायचं असेल तर सूर्यास्ताला किनाऱ्यावर या, आकाश निरभ्र असेल त्या दिवशी. वाळूवर पालथे झोपा, हनुवटी वाळूला टेकवून. सूर्याचा शेवटचा ठिपका पाण्यात गेला रे गेला की ताडकन उभे राहा. ठिपका पुन्हा दिसेल आणि दुसऱ्यांदा मावळेल. उभं राहिल्यावर नजर दीड-पावणेदोन मीटर वर जाते, क्षितिज जरा लांब सरकतं आणि नऊ-दहा सेकंद उसने मिळतात. तेवढ्या वेळात पृथ्वीने तुम्हाला किती वळवलं ते डोळ्यांनी दिसतं. माझ्या मुलाला हे जमलं तेव्हा तो लागोपाठ चार दिवस झोपून-उठून थकला. मला एकदाच जमलं. गुडघे!

मोकलाया | ९ जून, रात्री ८:३०

करून बघतो. ऑक्टोबरपर्यंत ढग हटले तर.

माडाची_सावली | १० जून, सकाळी ११:००

मी रत्नागिरीत शाळेत शिकवते. ८ मेला शून्य सावलीचा प्रयोग केला. आपण कर्कवृत्ताच्या दक्षिणेला, म्हणून सूर्य वर्षातून दोनदा बरोबर डोक्यावर येतो. मालवणला ४-५ मे, रत्नागिरीला ८ मे, अलिबागला १४ मेच्या सुमारास, मुंबईला १५-१६ मे. सूर्य उत्तरेकडे चाललेला असतो, म्हणून दक्षिणेकडची गावं आधी. परतीच्या वाटेवर तो ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात रत्नागिरीवरून पुन्हा जातो, पण तेव्हा कोकणात सावलीच नसते, नुसती छत्री असते.

सुट्टी असूनही पंधरा-सोळा मुलं आली. पाण्याच्या पाइपाचा तुकडा उभा करून ठेवला. पालकांपैकी एक जण बाराला पाच कमी असताना आले, बारा वाजता सावली पाहिली, "ही तर आहे की!" म्हणाले आणि प्रयोग फसला असं जाहीर करून गेले. सावली गेली १२ वाजून ३३ मिनिटांनी. पाइपाच्या तळाशी उजेडाचं गोल वेटोळं पडलं. मुलं ओरडली ते पलीकडच्या आळीत ऐकू गेलं म्हणे.

कारण सोपं आहे. घड्याळातले बारा हे ८२.५ अंश रेखांशाचे बारा, आपण ७३.३ वर. दर अंशाला चार मिनिटं, म्हणजे आपली खरी मध्यान्ह सरासरी ३७ मिनिटं उशिरा. मेमध्ये सूर्य तीनेक मिनिटं घाईत असतो, म्हणून १२:३३.

मोकलाया | १० जून, सकाळी ११:२०

सूर्य घाईत असतो म्हणजे? त्याला काय गाडी पकडायची असते?

माडाची_सावली | १० जून, दुपारी १२:४५

असते. :) पृथ्वीची वाट अगदी गोल नाही आणि तिचा आसही साडेतेवीस अंश कललेला. त्यामुळे खरी मध्यान्ह वर्षभर मागेपुढे होते. रत्नागिरीत नोव्हेंबरच्या सुरुवातीला १२:२१ ला आणि फेब्रुवारीच्या मध्याला १२:५१ ला. तब्बल अर्ध्या तासाचा झोका.

याची एक गंमत सांगते. २१-२२ डिसेंबर सगळ्यात लहान दिवस, बरोबर. पण सगळ्यात लवकर दिवेलागण त्या दिवशी नसते. रत्नागिरीत २० नोव्हेंबरच्या आसपास सूर्य सहा वाजून एखाद-दुसऱ्या मिनिटाला मावळतो, २१ डिसेंबरला सहा-आठच्या सुमारास. आणि सगळ्यात उशिरा उगवतो जानेवारीच्या मध्याला, सात-दहाच्या सुमारास. म्हणजे 'दिवस मोठा व्हायला लागला' म्हणतात तेव्हाही सकाळी शाळेत जाताना काळोखच वाढत असतो. मलाही लहानपणी उलटंच शिकवलं होतं, आणि मीही पहिली काही वर्षं तेच पुढे शिकवलं. एका मुलीने वडिलांच्या दुकानाचे दिवे कधी लावतात त्याची वही आणून दाखवली, तेव्हा माझी दांडी गुल.

घाटावरचा | १० जून, दुपारी १:३०

आमच्याकडे अजून अर्धं गाव म्हणतं की मे महिन्यात पृथ्वी सूर्याच्या जवळ जाते म्हणून उन्हाळा.

माडाची_सावली | १० जून, दुपारी १:३८

सगळ्यात जवळ जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, १४.७ कोटी किलोमीटर. सगळ्यात लांब जुलैच्या पहिल्या आठवड्यात, १५.२ कोटी. गोधडीत असतो तेव्हा आपण सूर्याच्या जास्त जवळ.

कोकणी_काकाकुवा | १० जून, संध्याकाळी ५:१५

तारे-वारे चाललंच आहे तर कोकणचा मान राखा. हेलियमचा शोध आमच्या विजयदुर्गावर लागला! १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणाला लॉकियर साहेबाने किल्ल्यावर दुर्बीण लावली. साहेबाचे ओटे अजून आहेत, येऊन बघा.

रत्नांग्रीकर | १० जून, संध्याकाळी ६:०२

काकाकुवा, ओटे मीही पाहिलेत, १८ ऑगस्टला तिथे हेलियम दिनही होतो. अभिमान आहेच. पण नॉर्मन लॉकियर त्या दिवशी इंग्लंडात होता. सूर्याच्या प्रकाशातली हेलियमची खूण असलेली पिवळी रेषा त्याने त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात तिथूनच, ग्रहणाशिवाय पाहिली. १८ ऑगस्टला फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन गुंटूरला होता. ग्रहणाचा पट्टा आपल्या किनाऱ्यावरून आत शिरून पूर्वेला गेला, एवढं खरं.

कोकणी_काकाकुवा | १० जून, संध्याकाळी ६:१०

तुम्ही रत्नागिरीवाले देवगडचं काही चांगलं बघवून घेऊ नका. आंब्याचंही तेच.

संपादक | १० जून, संध्याकाळी ६:३०

आंब्यावर गाडी नेऊ नये. मागच्या वेळचं आठवतंय सगळ्यांना.

शंकासुर | १० जून, रात्री ९:००

पंचांगवालीताई, आणखी एक. मृग 'जवळपास' ठरलेल्या तारखेला म्हणालात. जवळपास का?

पंचांगवाली | ११ जून, दुपारी १२:२०

शंकासुर हे नाव सार्थ करताय.

पृथ्वीला तिसरी एक चाल आहे. भोवरा मंदावला की त्याची मान डुलते, तसा पृथ्वीचा आस डुलतो. एक डोलणं सुमारे २६,००० वर्षांचं. म्हणून ऋतू आणि तारे यांची सांगड हळूहळू सुटत जाते, साधारण ७२ वर्षांत एक दिवस. ऋतू आसाच्या कलावर चालतात, आपली नक्षत्रं मात्र ताऱ्यांवर बांधलेली.

पुरावा घरातच आहे. स्वामी विवेकानंदांचा जन्म १२ जानेवारी १८६३, आणि त्या दिवशी मकरसंक्रांत होती. आता ती १४ किंवा १५ ला येते. दीडशे वर्षांत दोन दिवस. सूर्याचं उत्तरेकडे वळणं २१-२२ डिसेंबरला होऊन गेलेलं असतं. दोन्ही एकाच दिवशी पडायचे ते सुमारे सतराशे वर्षांपूर्वी. किनाऱ्यावर राहणाऱ्यांना यासाठी पंचांगही नको. मावळता सूर्य जूनपासून डिसेंबरपर्यंत क्षितिजावर दक्षिणेकडे सरकत जातो, एकूण जवळजवळ ४९ अंश. हात लांब करून पाच मुठी. ज्या दिवशी तो दक्षिणेच्या टोकाशी थबकून परत फिरतो ते उत्तरायण, आणि तेव्हा तिळगूळ बाजारात यायला अजून तीन आठवडे असतात.

मृगाचंही तेच. साडेनऊशे वर्षांत एक अख्खं नक्षत्र सरकतं. तितक्या वर्षांपूर्वी ८ जूनच्या सुमाराला आर्द्रा लागत असे. आणखी तितक्याच वर्षांनी मृग लागेल २१-२२ जूनला, आणि पाऊस त्याच्या आधीच येऊन बसलेला असेल. तेव्हाचे शेतकरी 'रोहिणीचा पाऊस' म्हणतील.

हे ज्यांनी मराठीत सविस्तर लिहून ठेवलं ते शंकर बाळकृष्ण दीक्षित दापोली तालुक्यातल्या मुरुडचे, जन्म १८५३. त्यांचा भारतीय ज्योतिषशास्त्राचा इतिहास १८९६ चा. आणि रत्नागिरीत जन्मलेल्या टिळकांनी १८९३ मध्ये नेमका मृगच धरला. वसंतसंपात (वसंतात दिवस-रात्र समान होतात तेव्हाची सूर्याची जागा) मृगात होता त्या काळाच्या खुणा वेदांत सापडतात, म्हणून वेद एवढे जुने, असा त्यांचा युक्तिवाद. त्यांनी काढलेला काळ सगळ्यांना मान्य झाला नाही. पण एका नक्षत्राचं जागा बदलणं घड्याळासारखं वापरायचं ही कल्पना मला आजही भारी वाटते.

रत्नांग्रीकर | ११ जून, दुपारी १:०५

आमच्या घरी टिळक पंचांग. नक्षत्रांची सुरुवात कुठून मोजायची यात आमच्यात आणि इतरांत चारेक अंशांचा फरक, म्हणून आमची संक्रांत १० जानेवारीच्या सुमारास. अधिक महिनाही कधीकधी वेगळा येतो, मग आमचे गणपती महिनाभर आधी. शेजारी विचारतात, "तुमचे आले पण?" मोदकांचं आमंत्रण दोन्हीकडून, त्यामुळे पृथ्वीच्या डुलण्याबद्दल माझी तक्रार नाही.

तांडेल_मालवण | ११ जून, रात्री ८:४०

ध्रुवय हलता काय मग? आमचो सगळो इस्वास तेच्यार.

पंचांगवाली | ११ जून, रात्री ९:१५

हलतो, पण तुमच्या-माझ्या हयातीत काळजी नको. आताही तो बरोबर उत्तर ध्रुवबिंदूवर नाही, पाऊण अंशाच्या आत फिरतो. बारा हजार वर्षांनी त्या जागेजवळ अभिजित असेल.

ध्रुवाची उंची म्हणजे आपला अक्षांश. मालवणात १६ अंश, म्हणजे लांब हाताची एक मूठ आणि वर चार बोटं. मुंबईत १९. अरबी खलाशी गाठी मारलेली दोरी दातांत धरून, लाकडी फळीने हीच उंची मोजत. तिला कमाल म्हणत. आपलं बंदर ज्या गाठीवर, ती गाठ जुळेपर्यंत उत्तर-दक्षिण जायचं आणि मग किनाऱ्याकडे वळायचं.

मोकलाया | १९ ऑक्टोबर, संध्याकाळी ७:२०

धागा वर काढतोय. वाळूवर झोपलो. दोनदा मावळला!! बायकोने व्हिडिओ काढलाय, त्यात सूर्य नाही, फक्त मी उठताना आहे. पृथ्वी फिरते, मान्य.

घाटावरचा | १९ ऑक्टोबर, रात्री ८:०५

इतक्या स्वस्तात पटलेला माणूस पहिल्यांदाच पाहिला. अभिनंदन. आता पहाटे उठून उल्काही बघा. मध्यरात्रीनंतर आपण पृथ्वीच्या पुढच्या अंगाला असतो, म्हणून जास्त दिसतात. पावसातल्या एसटीसारखं, पुढची काच झोडपली जाते आणि मागची त्या मानाने कोरडी. ऑगस्टचा ययाती तारकासमूहातला उल्कावर्षाव कोकणाच्या नशिबी नाही, डिसेंबरच्या मध्याचा मिथुनेतला आहे.

शंकासुर | १७ डिसेंबर, रात्री ९:३०

पुन्हा आजोळी. पुतणीचं काम इथे टाकतो, तिने सांगितलंय की नाव नको पण आकडे टाका.

तुळशीजवळ एका ठरलेल्या फरशीवर उभं राहायचं आणि मृगाच्या पट्ट्यातला मधला तारा शेजारच्या कौलांच्या आढ्यावर कधी येतो ते लिहायचं. १० डिसेंबरला ८:२४. ११ ला ८:२०. १२ ला ती विसरली. १३ ला ८:१३, १४ ला ढग. १५ ला ८:०४, १६ ला ८:००. आज ७:५६. सात दिवसांत २८ मिनिटं. १३ तारखेचा आकडा एका मिनिटाने चुकलाय असं तिचं म्हणणं आहे, कारण तेव्हा कुत्रा मधे आला. मी म्हटलं तो दुरुस्त करून टाक, तर म्हणाली, "मग मोजलं कशाला?"

आई ओटीवरच होती. म्हणाली, "सांगितलं होतं ना, थंडीत बघा."

तांडेल_मालवण | १७ डिसेंबर, रात्री ९:५२

पोरीक म्हणा, आता चंद्र मोजूक घे. तो रोज सारखो उशीर करणा नाय, कधी चाळीस मिनिटा, कधी तासभर. आज्याकय ता कोडा सुटूक नाय.

शंकासुर | १७ डिसेंबर, रात्री ९:५८

वाचून दाखवलं. वही घेऊन बाहेर गेलीय. चंद्र कुठे आहे ते आधी पंचांगात बघ म्हटलं, तर ऐकत नाही.